बॉम्बवरचं नाव

४ डिसेंबर १९७१
लढाई लागली आणि माझं नशीब उघडलं. शहराबाहेरच्या तळावर बॉम्ब चढवणाऱ्या टोळीत लागलो. काम अंगमेहनतीचं, पण रीत सोपी. ढकलगाडीवरून बॉम्ब आणायचा, विमानाच्या पंखाखाली आकड्यात अडकवायचा. विमान सरहद्दीकडं जातं, दुपारी रिकामं परततं, की पुन्हा तेच. मुकादम काकासाहेब मोठे मिश्कील. प्रत्येक बॉम्बवर खडूनं एक नाव लिहायची त्यांची चाल. बाकीचे नुसतं ‘शत्रूचा सेनापती’ लिहितात, खरं नाव कुणाला ठाऊक. मी पाचोडच्या मेहुण्याचं लिहिलं. आप्पासाहेबानं दसऱ्यापासून माझ्या बायकोला, चतुराला, माहेरी अडकवून ठेवलंय. म्हणतो, आधी कामधंदा दाखव. टोळी पोट धरून हसली. माझा जोडीदार चांदपाशा, खुलताबादचा, तेवढा हसला नाही. खांद्यावरचं फडकं पुढं करून म्हणाला, पुसून टाक, जित्या माणसाचं नाव असं लिहू नाय. मी काही पुसलं नाही.

७ डिसेंबर
पाचोडहून माणूस आला. आप्पासाहेब गेला. ज्वारीत उभा होता, तिथंच जळून कोळसा झाला. शेजारचं एक धाटही करपलं नाही. मी नाव लिहिलं त्याच दिवशीची दुपार, इकडची विमानं बॉम्ब टाकून वळली तेव्हाचीच. खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. चतुरा आता घरी येईल.

८ डिसेंबर
काकासाहेबांना सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्यांनी मिशी पिळली, म्हणाले, खात्री करून घेऊ. चांदपाशाच्या डोळ्यांदेखत त्याचंच नाव लिहिलं. तो हात जोडून म्हणत होता, मुकादम, मजाक बी असली नको, घरी नजमा हाय, लेकरं हायेत. दोघांनी त्याला धरून ठेवलं. त्यानं फडकं माझ्याकडं फेकलं. मी ते हातात धरून उभा राहिलो. पुसलं असतं तर काकासाहेबांनी माझं नाव लिहिलं असतं.
दुपारी डबा खाताना तो पेटला. ओरडायलाही सवड मिळाली नाही. समोरची भाकर होती तशीच मऊ होती.

९ डिसेंबर
जो तो काकासाहेबांची मर्जी राखतो. पळावं तर माझं नाव त्यांना पाठ. भीती वाटते. फार वाटते.

११ डिसेंबर
चतुरा आली. फाटकाशी उभी, भावाच्या सुतकात. मी मूर्ख, सगळं कबूल केलं. वाटलं, रडेल, मग नांदायला येईल. रडली नाही. सरळ काकासाहेबांकडं गेली.
लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आज काढलं. रामकिसन पुंजाराम, बापाच्या नावासकट. काकासाहेबांनी ठळक लिहिलं. मला चौघांनी धरलं होतं. विमान उडालं —

दुपार
जिवंत आहे. विमान परत आलं. बॉम्ब तसाच. आकडा सुटलाच नाही. वर घिरट्या घालतंय, तेल जाळून हलकं झालं की उतरणार. सगळे खंदकात. काकासाहेब तिथून हसत सांगतायत, ज्याचं नाव त्यानंच उतरवायचा.

चतुरा अजून फाटकाशी. हलत नाही.

खडूच तर आहे. पुसलं की झालं — चांदपाशाचं फडकं — कुठं ठेवलं मी —

खाली येतंय. चाकं टेकली, हादऱ्यानं आकडा सुटला. फडकं सापडलं. हाताला एवढं गरम का ला—