तिरडीवरचे मंत्र

तंजावर,
ता. २० फेब्रुवारी १९६१

राजश्री राघोत्तमराव व्याही यांस महालक्ष्मीबाईचा नमस्कार. वि. वि. इकडे सर्व कुशल, असे म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणते.

नातवाची मुंज वैशाखात येथेच करायची, हे आपणास ठाऊक आहे. कळवायचे ते एवढेच, की मातृभोजनाला मुलाशेजारी पाटावर सरोजा बसणार नाही. माझी लेक अलमेलू बसेल. सरोजाने यावे, पाहुणीसारखे जेवून जावे, माझी ना नाही. पण मुंजा होण्याआधी मुलाने आईच्या ताटात शेवटचे जेवायचे असते, ते ताट तिचे नसेल.

कारण विचाराल. ती सिनेमात कामे करते, त्याला मी कधी आडवी आले नाही. कधी कोणाची बहीण झाली, कधी दासी. होवो. पण या ‘काट्टु बंगळा’त, त्या रानातल्या बंगल्यात, ती मेलेली सून होऊन तिरडीवर निजली. तेही सोंग म्हणून सोडले असते. सोबतचा कागद पाहा. पोंगलला कंपनीने ताशा वाजवत गावभर वाटला. ठळक तमिळात छापले आहे, की यातला भटजी खरा, मंत्र खरे, भित्र्यांनी येऊ नये. आणि तो खरा भटजी कोण? तर आपले आतेभाऊ गुंडोभट!

अलमेलूच्या यजमानांचे तमिळ स्नेही तिथे हजर होते. धुराने सरोजा शिंकली की मंत्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एकदा नव्हे, माझी सून कितीदा गेली कोण जाणे. ज्याच्यावर अंत्येष्टीचे मंत्र पडले त्याचे बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतात, हे आपणास मी सांगावे?

नियम मी केलेला नाही. तो माझ्यावरही चालला, तेव्हा माझ्यासाठी कोणी रदबदली केली नव्हती. कळावे.

महालक्ष्मीबाई


वेस्ट मांबलम, मद्रास,
ता. २४ फेब्रुवारी १९६१

राजश्री गुंडोभट यांस राघोत्तमाचा नमस्कार. दर वेळी ‘प्रिय गुंडू’ लिहितो. आज लेखणी तिथेच अडली.

व्याहिणीचे पत्र आणि छापील कागद सोबत पाठवतो. वाच आणि लाज वाटली तर कळव. त्या आठवड्यात तू माझ्या घरी उतरला होतास, माझ्या घरची कापी पीत होतास, आणि सकाळी वेष्टी नेसून कोडंबाक्कमला शूटिंग बघायला जातो म्हणून निघालास. बघायला! अरे, जिला तू खांद्यावर बसवून रथोत्सव दाखवलास, तिच्याच उशाशी दर्भ घेऊन बसलास?

सरोजा नुंगंबाक्कमहून रोज संध्याकाळी येते आणि तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, बसून राहते. रडत नाही, हेच मला सोसवत नाही. काल तिने मला विचारले, की अप्पा, मी खरेच मेले का. काय सांगू? ती म्हणते, नाकाकानात कापूस होता, सांब्राणीचा धूर होता, डायरेक्टर मचाणावरून ओरडत होता. मेकपवाला मात्र देवमाणूस, श्वास येतो ना म्हणून सारखा विचारायचा. गुंडोकाका काय म्हणाले ते तिला ऐकू आले नाही. पहिल्या खेळाला गेली, तर त्या जागी डोळेकान झाकून बसली. जावईबापू नारायणस्वामी लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकासारखे, आईची गाडी आली की बायकोला बंद.

मला सारखी शिवगंगेच्या तळ्याकाठची आपली शाळा आठवते. एकोजी मास्तरांचा तिण्णै, कडुनिंबाची सावली वाळूवर अक्षरांसारखी हलायची, आणि मास्तर स्वतः रचलेल्या कविता ताल धरून म्हणायचे. तुला डुलकी लागली की आम्हा साऱ्यांना तुझ्याभोवती उभे करून ती उठवायची कविता म्हणायला लावायचे. अख्खी शाळा तुला जागे करायची, गुंडो! त्या कवितेने डोळे उघडणारे पोर म्हातारपणी जिवंत लेकीचे डोळे मिटवायला बसेल, असे कोणाच्या स्वप्नात आले असते?

हे चित्र मी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, अशी देवापुढे शपथ घेतली आहे. बापाने पोरीची तिरडी तिकीट काढून बघायची?

आजवर लोभ होता. पुढचे तुझ्या उत्तरावर.

राघोत्तम


कुंभकोणम,
ता. १ मार्च १९६१

तीर्थस्वरूप राघोत्तमदादा यांस गुंडोचा साष्टांग नमस्कार. वयाने थोडा मोठा आहेस म्हणून तीर्थस्वरूप. अक्कल त्या मानाने वाढलेली दिसत नाही.

तुझे पत्र वाचून चुलीत घातले. तुझी भावजय तुळसी म्हणाली, शिव्यांचे पत्र चुलीत घातले तर स्वयंपाक करपतो. तसेच झाले. करपलेली आमटी खाऊन हे लिहितो आहे.

तुझ्याकडे असताना सरोजाच मला शूटिंग दाखवायला घेऊन गेली. कंपनीने मैलापूरचा एक प्रोहित आणला होता. तिरडीवरच्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि ती श्वास घेते आहे, हे पाहून तो बिचारा पंचपात्र टाकून पळाला. डायरेक्टर माणूस हुशार, सुपाएवढ्या वटवाघळांना काळ्या दोऱ्याने उडवतो, पण मंत्र त्याला खरेच हवे होते. त्याने गाडी सोडली मसणवटीकडे, जो मिळेल तो भट आणायला. तो आला असता आणि त्याने जे म्हणायचे तेच म्हटले असते. सरोजा तिथे सुंभाने बांधलेली, कानात कापूस. तेव्हा मी उठलो आणि म्हटले, मी बसतो.

मी का उठलो असेन, हा प्रश्न तुला पडला नाही. एका शाळेत शिकलो, एका ताटात जेवलो, आणि तू विश्वास ठेवलास कशावर? ताशा वाजवत वाटलेल्या कागदावर! व्याहीणबाईंचे मला नवल नाही, त्यांनी मला पाहिले ते काय लग्नात तेवढे. तू?

मी काय म्हटले ते लिहिणार नाही. तेव्हा बोललो असतो तर त्यांनी सीन पुन्हा घेतला असता, म्हणून गप्प बसलो. आता बोलत नाही तो केवळ रागाने. जा, शपथ मोड, तिकीट काढ. डोळे हवे तर मिट. कान उघडे ठेव.

लोभ नसावा, ही विनंती.

गुंडो


वेस्ट मांबलम, मद्रास,
ता. १२ मार्च १९६१

गं. भा. महालक्ष्मीबाई विहीणबाई यांस राघोत्तमाचा कृ. सा. न. वि. वि.

शपथ मोडली. काल नारायणस्वामींना घेऊन चित्र पाहून आलो. पाऊण तास बंगल्याची दारे करकरली, मेणबत्त्या विझल्या, आरशात कोणी नसताना कोणीतरी दिसले. सारे थिएटर पाय वर घेऊन बसले होते. मग तिरडी आली. तोंडाला पांढरी माती फासलेली माझी पोर. जावईबापूंनी माझा हात धरला, तो त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

उशाशी गुंडो. उघडे अंग, बोटात दर्भ, चेहरा असा की यमाने उठून नमस्कार करावा. त्याने सूर लावला. सूर श्राद्धाचा, खर्जातला, ओढून ओढून. बायकांनी भीतीने गळ्यातली ताली मुठीत धरली. आणि त्या सुरात तो काय म्हणत होता, ऐका:

पाटी घे गं, पेन्सिल घे गं, सूर्य आला दारी,
निजले त्यांची शाळा बुडे, ऊठ वेड्या पोरी;
कावळा न्हाला, चिमणी न्हाली, तूच कशी पारोशी,
ऊठ बाई, भात निवतो आईच्या ताटापाशी.

आमच्या एकोजी मास्तरांची कविता! वर्गात झोपलेल्या गुंडोला उठवायला रचलेली. मास्तरांचे ‘घे रे’ आणि ‘वेड्या पोरा’ होते. ते सारे मुलीचे केले गुंडोने. त्या हजार माणसांत मराठी कोणाला येते? डायरेक्टरला नाही, प्रेक्षकांना नाही. शूटिंगला सरोजा शिंकली की हा पुन्हा पहिल्यापासून तिला उठवतच होता. जन्मभर ज्याने मंत्राची एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, त्याने पुतणीसाठी स्वतःच्या विद्येशी लबाडी केली. आणि मी त्याला काय काय लिहून बसलो! आता त्याला माझा लोभही नको. तो माझा भोग.

पण आपल्यावरचा राग मला विसरता येत नाही, विहीणबाई. आपण माझ्या मुलीला एका छापील कागदावर मारलीत. तिला बोलावून एक शब्द विचारला नाहीत. तिच्यावर मृत्यूचे एक अक्षर पडलेले नाही, पडले ते जागे होण्याचे. मातृभोजनाचा पाट कोणाचा, ते आता आपणच सांगा. उत्तर आले नाही, तर मुंज माझ्या तिण्णैवर होईल, आणि अलमेलूबाईंना मी पाहुणी म्हणून जेवायला वाढीन.

कळावे, लोभ नंतर पाहू.

राघोत्तम


तंजावर,
ता. २५ मार्च १९६१

राजश्री राघोत्तमराव व्याही यांस महालक्ष्मीबाईचा नमस्कार. वि. वि. आपले पत्र खोटे पाडायचे म्हणून मी स्वतः सिनेमाच्या तंबूत गेले. माझ्यासारख्या विधवा बाईने जाऊ नये अशी जागा. डोक्यावरून पदर ओढून अलमेलूच्या मागे वाळूत बसले.

एकोजी मास्तरांचा तिण्णै माझ्या माहेरच्या परसाला लागून होता, हे आपण विसरलात. मुलींना शाळा नव्हती, पण भिंत काही फार जाड नव्हती. गुंडोभटांनी पहिली ओळ ओढली तशी मी मनात दुसरी म्हटली. आणि भात निवतो म्हणताच आमची सून तिरडीवर ताठ उठून बसली! पोरे रडू लागली, बायका एकमेकींच्या मांडीत शिरल्या, आणि मी मोठ्याने हसले. आवरेचना. लोक पडदा सोडून माझ्याकडे बघू लागले. अलमेलू म्हणते, पडद्यावरच्या भुतापेक्षा मलाच जास्त भ्याले.

एक सांगते, पुन्हा काढू नका. नारायणस्वामीच्या मुंजीआधीच हे गेले होते. तो माझ्या जावेच्या ताटात जेवला. मी कोठीच्या दाराआड उभी होते. त्याने पहिला घास हातात धरून दाराकडे पाहिले, आणि कोणीतरी त्याची मान पुढे वळवली. त्याला ते आठवते का, मी कधी विचारले नाही. ते ताट मी आता दुसऱ्या कोणासाठी मांडायला निघाले होते.

पाटावर सरोजा बसेल.

राग गेला असे समजू नये. माझ्या लेकीला पाहुणी म्हणून वाढीन असे धमकावणारे व्याही मी ध्यानात ठेवले आहेत. गुंडोभटांनी शास्त्राची थट्टा केली, त्याचा राग वेगळाच. मुंज त्यांनीच लावायची, आणि मी शेजारी बसून एकेक मंत्र ऐकणार. तुम्हा दोघांचा अबोला असेल तो त्यांनी कुंभकोणमला ठेवून यावे, आपण मांबलमला.

सरोजाला आधी आठ दिवस पाठवा. मातृभोजनाचा भात पहाटे होतो, आणि आपली मुलगी उशिरा उठते हे मी लग्नापासून पाहत आले आहे. आजवर भांडी आपटून उठवत होते. आता कशी उठवायची ते कळले.

लोभ उरला असेल तर घेऊन यावे. नसेल तर येथे पंगतीत मिळेल.

महालक्ष्मीबाई