डोळे मिटून सांगितलेलं

ता. ४ ऑक्टोबर, शुक्रवार

ती. आत्यास,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे कुरकुरत असले तरी तुझं हस्ताक्षर अजून वसतिगृहाच्या हजेरीपटासारखं सरळ रेषेत आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही असं मी ठरवलं आहे. मी वेळेवर जेवते, झोपते, आणि हो, स्वेटरही घालते.

इथे आठवडाभर म्हाताऱ्या उडताहेत. लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो ना, त्या पांढऱ्या केसांच्या बिया. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जिन्यात त्या इतक्या सावकाश तरंगत असतात, की चढता चढता मी कितव्या मजल्यावर आहे हेच विसरते. शिपाई वैतागलाय, कारण झाडू जवळ आला की त्या उठून पलीकडे जाऊन बसतात. वर्गात शिकवतानासुद्धा मी अर्धी खिडकीबाहेर असते.

याच बियांवर आमची एक विद्यार्थिनी तीन वर्षं प्रबंधाचं काम करते आहे. वारा त्यांना किती लांब नेतो, कुठे टाकतो, त्यातल्या किती रुजतात. सगळे तिला बियांवाली म्हणतात. तिचे मार्गदर्शक म्हणजे आमचे विभागप्रमुख, थोरले सर. आज सकाळी बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं, की तिची दोन प्रकरणं सरांच्या छापून आलेल्या लेखाशी शब्दाला शब्द जुळतात, म्हणजे तिने चोरी केली आहे. प्राचार्यबाईंनी लगेच तिघांची समिती नेमली, आणि तिघांत मी आहे. चोरी ठरली तर तिचं नाव कमी होईल, आणि पुढे कुठलंच विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. शुक्रवारी दुपारी आम्ही सहा शिक्षक चॅपलच्या बाजूच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. नियम मी तुझ्याकडूनच आणलेला, डोळे मिटून जे बोललं जातं ते खोलीबाहेर न्यायचं नाही. आज थोरले सर अगदी हळू म्हणाले, की एका मुलीच्या कष्टांवर मी माझं नाव घातलं, प्रभू मला क्षमा कर. बाकीच्यांना परीक्षकांचं पत्र ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना काही उमगलं नसावं. मी समितीवर आहे हे सरांना ठाऊक नव्हतं. आमेन झालं, सगळे उठले, आणि सरांनीच मला माझी छत्री शोधून दिली.

तुला लिहिलं म्हणजे नियम मोडलाच, पण नियम तुझा असल्याने तो घरातल्या घरात मोडला. आत्या, मी काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, सोबत थोडा सल्लाही असू दे.

तुझी,
खारू

ता. ९ ऑक्टोबर

चि. खारूस,
प्रभूमध्ये अ. उ. आ.

घरातल्या घरात मोडला म्हणे! तू वकील व्हायचीस, उगाच झाडापाल्यात शिरलीस.

उत्तर सोपं आहे, तोंड बंद ठेव. चाळीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होते. रोज संध्याकाळी आम्ही शिक्षिका एकत्र प्रार्थनेला बसायचो, आणि हा नियम होता म्हणून माणसं मन मोकळं करायची. तिथलं बोलणं बाहेर येतं अशी शंका जरी आली, तरी उद्यापासून सगळे चांगल्या हवामानासाठी आभार मानतील आणि घरी जातील. तू चौकशी कागदांवरून कर. मुलीच्या वह्या माग. तीन वर्षांचं काम कुठेतरी लिहिलेलं असणारच.

माझं म्हणशील तर दुपारी खुर्चीत बसते, पडदा आत-बाहेर करतो, आणि डोळा लागता लागता जुन्या मुली जिना उतरताना ऐकू येतात. सगळ्या एकदम, वेगवेगळ्या वर्षांच्या. मी त्यांना सावकाश उतरा म्हणून ओरडते आणि माझ्याच आवाजाने जागी होते. शेजारीण म्हणते की आता तरी निवृत्त व्हा. त्या नियमाबद्दल मला यापुढे फार खोदून विचारू नकोस. आशीर्वाद पुरवून वापर, पुढच्या पत्रात आणखी पाठवीन.

तुझी,
आत्या

ता. १३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वह्या मागितल्या. त्या सरांच्या कपाटात होत्या, आणि उन्हाळ्यात विभागाला रंग दिला तेव्हा जुन्या कागदांबरोबर गेल्या, असं सरांनी लेखी दिलं आहे. त्यांच्या लेखाचा कच्चा मजकूर मुलीने वाचला होता, असंही लिहिलं आहे.

काल समितीपुढे बियांवाली आली. कोपरं फाटायला आलेला कोट, आणि केसांत एक म्हातारी अडकलेली. तिला ती जाणवत नव्हती. बिया तूच मोजल्या याला पुरावा काय असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की पहिल्या वर्षी अकरा बिया चॅपलच्या छपरावरून पलीकडे गेल्या, त्यांच्यामागे धावताना तिची एक चप्पल नाल्यात वाहून गेली, आणि ती मैदानभर एका पायात चप्पल घालून फिरली. समितीतले गणिताचे सर हसले. म्हणाले की चप्पल हा पुरावा होत नाही. लेखात त्या अकरा बिया आहेत, आत्या. थोरल्या सरांना धावताना कुणी पाहिलेलं नाही.

ती एकदाच माझ्याकडे बघून गेली. मी टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मला स्वतःची शिसारी आली. एकवीस तारखेला निकाल आहे. तू सांगितलंस तसंच करते आहे.

लोभ असावा.

खारू

ता. १७ ऑक्टोबर

चि. खारू,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राच्या शेवटी एकही थट्टा नव्हती. मी कागद उलटून पाहिला, मागेही नव्हती. त्या दुपारी मला झोप आली नाही, म्हणून हे लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वडिलांनाही नाही.

वसतिगृहाच्या आजारखोलीतली नवी ब्लँकेटं एका हिवाळ्यात नाहीशी झाली. आळ स्वयंपाकीणबाईंवर आला, कारण त्यांच्याकडे किल्ल्या असत. संध्याकाळच्या प्रार्थनेत एक तरुण शिक्षिका रडत म्हणाली, की ब्लँकेटं मी माझ्या आजारी भावंडांना दिली. मी तिच्याशेजारीच बसले होते. नियम माझा. मी गप्प राहिले. दोन दिवसांनी स्वयंपाकीणबाई पत्र्याची पेटी घेऊन फाटकातून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, की बाईसाहेब, तुम्ही तरी मला ओळखता. मी मान हलवली, आणि फाटक लावून घेतलं.

नंतर मी त्यांना शोधलं, पत्ता लागला नाही. अजून स्वप्नात त्या फाटकाशी येतात. रागावत नाहीत. फक्त रस्ता विचारतात, आणि मला सांगता येत नाही.

इतकी वर्षं मी म्हणत आले की देवाच्या कानावर घातलेलं आपण उचलू नये. पण खरं सांगू? मी गप्प बसले ते देवासाठी नाही. मला उद्याचा दिवस भांडणाशिवाय हवा होता, आणि शेजारची शिक्षिका मला आवडायची. ज्याला क्षमा हवी आहे तो डोळे मिटून मोकळा होतो, आणि ज्याचं नुकसान झालं तो पेटी उचलून चालू लागतो, याला मी भक्ती म्हणत होते. नियम मी केला होता, तो मीच मागे घेते.

आधी सरांकडे एकटी जा. चारचौघांत जायच्या आधी एकट्याला गाठावं, हे तरी आपल्याला शिकवलेलं आहे. त्यांनी ऐकलं नाही तर समितीत सांग. तुला महागात पडेल. मला तुझ्यासाठी भीती वाटते आहे आणि तरी पाठवते आहे, म्हणून रागावलीस तरी चालेल. लोभाचं काय ते नंतर बघू.

आत्या

ता. २२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुझं पत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून गेले.

शनिवारी सरांकडे एकटी गेले. त्यांच्या खोलीत ऊन होतं आणि टेबलावर बियांचे नमुने, लहान लहान काचेच्या बाटल्यांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की मी जे बोललो ते तुमच्याशी बोललो नव्हतो, तुम्हाला ते ऐकण्याचाच अधिकार नव्हता, आता सांगण्याचा कुठून आला. मी म्हटलं की सोमवारी मी बोलणार आहे, तोपर्यंत तुम्ही बोललात तर मी गप्प बसेन. ते बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिले.

काल समितीपुढे ते काही बोलले नाहीत, म्हणून मी बोलले. आवाज इतका फाटला की पाणी मागावं लागलं. प्राचार्यबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की प्रार्थनेतलं बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही, आणि हे इथे आणलंत ते शोभलं नाही. गणिताचे सर या वेळी हसले नाहीत. बाई मग सरांकडे वळल्या आणि विचारलं, की बिया कुणी मोजल्या. त्यांनी ‘मी’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपत होतं, आणि मी खोटी ठरत होते. बाहेर कुणीतरी सायकल लावली, तिचं स्टँड पडलेलं ऐकू आलं. सर म्हणाले, तिने मोजल्या. सगळ्या तिनेच.

प्रबंध मान्य झाला. लेख मागे घेतला जाईल आणि सरांचं प्रमुखपद गेलं. बियांवाली जिन्यात भेटली, तिने माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघी मुलींसारख्या रडलो. नंतर शिक्षकांच्या खोलीत गेले तर सगळ्यांना एकदम कामं आठवली. मला वाईट वाटलं, आणि आतून हलकंही वाटलं. तुझ्या स्वयंपाकीणबाई स्वप्नात आल्या तर माझा सलाम सांग. तुझ्या भीतीला आराम पडला असेल तर लोभाचं बघ.

तुझी,
खारू

ता. ९ नोव्हेंबर, शनिवार

ती. आत्यास,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझा स्वेटर मिळाला. बाह्या माझ्या गुडघ्यापर्यंत येतात, मी अजून वाढते आहे असा तुझा समज दिसतो.

तू म्हणालीस तसंच झालं. पहिल्या शुक्रवारी सगळे आले, आणि चांगल्या हवामानासाठी आभार मानून गेले. दुसऱ्या शुक्रवारी दोघेच आले, आणि तेही गप्प. माझ्यासमोर आता कुणी तोंड उघडत नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण मला एकटं वाटतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

काल कुणीच आलं नाही. मी मांडलेल्या सहा खुर्च्यांमध्ये बसून राहिले. बाहेर पांढरं धुकं होतं, खिडकीत काहीच दिसत नव्हतं, आणि मला वाटलं की खोली हळूच कुठेतरी निघाली आहे. मला डुलकीही लागली असेल. दार वाजलं तेव्हा थोरले सर आत आले होते. मी उठायला लागले, त्यांनी हाताने बसा म्हटलं. माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, की मी आता जे बोलणार आहे ते तुम्ही बाहेर कुणालाही सांगू शकता.

मग त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच बियांवालीचं पूर्ण नाव घेऊन प्रार्थना सुरू केली.

लोभ धरशीलच, थोडा त्यांच्यासाठीही धर.

तुझी,
खारू