पुढच्या चाकांना नमस्कार

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार

तीर्थस्वरूप पुंजाराम अण्णा यांस,

मामेभाऊ गोटीरामचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्याने तूर्त निम्माच पोचता समजावा, उरलेला भेटीत घालीन). इकडे आम्ही सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं ज्ञानेशने कळवलं. पण अण्णा चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून दिवसभर खालच्या गाड्या बघत असतात, हेही तुमच्या चिरंजिवांनीच कळवलं. तेव्हा गुडघा सोडून बाकीचा माणूस बरा आहे का, हे विचारायला हे पत्र. फोनवर विचारलं तर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता आणि खरंच ठेवता.

तुमचा निरोप मिळाला. 'मी काही आता हैदराबादहून परत येत नाही, जीप विकून टाक.' गाडी तुमच्या नावावर, मी बोलणारा कोण (वीस वर्षं स्टिअरिंगवर हात माझे होते, ही गोष्ट वेगळी). आमची रूपाली म्हणाली, बाबा, नाशकात फोर बाय फोरवाल्यांचा क्लब आहे, ते लोक जुन्या जीपसाठी वेडे असतात, शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर डोंगरात फिरून या, गिऱ्हाईक आपोआप मिळेल. लेकीने नाव नोंदवलं, सूनबाई मनीषाने दशम्या बांधून दिल्या आणि मी निघालो. जीपच्या मागे अजून आपण बाजाराला न्यायचो त्या शेवंतीचा वास येतो. निदान मला तरी येतो.

पिंपळगाव बसवंतला सगळे जमले. गाड्या एवढ्या उंच की चढायला पायरी लागते. क्लबचा म्होरक्या साई नावाचा दातांचा डॉक्टर आहे (मुलगा चांगला, पण बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतो). या मंडळींची तऱ्हा अशी की चांगला डांबरी रस्ता लागला की तोंडं उतरतात. आपण जे खड्डे चुकवण्यात जन्म घातला, ते हे नकाशात शोधून गाठतात. एकमेकांशी बोलायला प्रत्येकाला एक वॉकी-टॉकी दिला. माझा मी तुमच्या सीटवर ठेवला आणि त्यावर दशम्यांची पिशवी. पिशवीच्या वजनाने त्याचं बटण दाबलेलंच राहिलं, हे मला कसं कळावं? वणीपासून कळवणपर्यंत मी आपला बोलत होतो. अण्णा, इथला आंबा तोडला हो. अण्णा, इथे आपण पंक्चर होऊन फुलांच्या पाट्यांसकट बसलो होतो. अण्णा, तुम्ही गेल्यापासून गाडीत बोलायची सोयच राहिली नाही. हे सगळ्या गाड्यांत ऐकू जात होतं आणि दुसऱ्या कुणाला तासभर तोंड उघडता आलं नाही. कळवणला उतरलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. साईने हळूच विचारलं, "काका, अण्णा कुठे बसलेत?" मी म्हटलं, हैदराबादला.

कळवण सोडल्यावर डोंगराची कच्ची वाट लागली. आधी ओढा, मग उभी चढण. आता तुम्ही आठवा. अशा प्रत्येक चढणीआधी तुम्ही 'थांब रे गोट्या' म्हणून उतरायचात, वाकून पुढच्या दोन्ही चाकांना हात लावायचात आणि मुकाट्याने येऊन बसायचात. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, 'गाडीला सांगून आलो.' तेव्हापासून मी धरून चाललो होतो की तुम्ही चाकांना नमस्कार करता (आणि पाहुण्यारावळ्यांत तुमच्या श्रद्धेचं कौतुकही करत आलो). शनिवारी तुम्ही नव्हतात, म्हणून तुमचा नेम मी पाळला. सगळ्या क्लबसमोर उतरलो, दोन्ही चाकांना हात लावला, मधल्या चकतीच्या खाचेत एकेक झेंडू खोचला, आत बसून चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढला आणि गाडी ओढ्यात घातली. ती तिथेच राहिली. मागची चाकं चिखल उडवत होती आणि पुढची दोन्ही पाहुण्यासारखी स्वस्थ.

दिशा म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात भूगोल शिकवते, स्वतःची जीप चालवते. ती चिखलात उतरून आली आणि म्हणाली, "काका, हब लॉक केलेत ना?" मी म्हटलं, "नमस्कार केलाय." तिने माझे झेंडू बाजूला काढले. हब म्हणजे तीच मधली चकती, आणि ती हाताने फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नाही, आतला दांडा नुसता ओढून काही होत नाही, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. बांधावर एक बाबा गुरं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "गाडी लय चांगली हाय, डायवरला काय म्हाईत नाय." दिशाने दोन चकत्या फिरवल्या आणि जीप ओढ्यातून निघून वर गेली.

अण्णा, मला फार वाईट वाटलं, आणि ते चिखलाचं नव्हे. गोटीरामसारखी घाटात गाडी कुणी काढत नाही, असं मी वीस वर्षं मिशीला पीळ देऊन सांगत आलो. गाडी तुम्ही काढत होतात. पावसात, उन्हात, दर चढणीला उतरून, वाकून, आणि एका शब्दाने कधी बोलला नाहीत. त्या वाकण्यानेच तुमचा गुडघा गेला की काय, असं मनात आलं. तुमची फार आठवण आली. अजून येते आहे.

मुक्काम नामपूरला होता. बाजारतळाजवळच्या भागुबाईंच्या टपरीवर गेलो, तर त्यांनी न विचारता दोन चहा ठेवले, एक बिनसाखरेचा. मग मागे बघून म्हणाल्या, "तुमना जोडीदार कोठे शे?" मी दोन्ही चहा प्यायलो. तुमचा अगदीच वाईट असतो.

असो. वहिनींच्या फोटोला आमचा नमस्कार, ज्ञानेशला आशीर्वाद. गुडघ्याला रोज तेल लावत जा आणि खालच्या गाड्या फार बघू नका, त्यांत आपली नाही.

तुमचा,
गोटीराम

ता. क. : साई जीप घ्यायला तयार आहे. पण कागदांवर सही करायला मालकाने स्वतः नाशकात यावंच लागतं, असं आरटीओच्या कामांचा एजंट धोंडीराम याने शपथेवर सांगितलं आहे.

ता. क. दुसरा : धोंडीरामने असं काही सांगितलेलं नाही. कागद पोस्टाने पाठवले तरी चालतात म्हणे. ते या पाकिटात घालणार होतो, घातलेले नाहीत. साईलाही नाही म्हणून सांगितलं आहे.

ता. क. शेवटचा : गुडघ्याची काळजी नको. तुम्ही आपल्या सीटवर बसून राहा, यापुढे मी उतरेन. चकती कोणत्या बाजूला फिरवायची, तेवढं आतून सांगा. दिशाने दाखवली होती, पण मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.