डोणीतले स्वच्छ पाणी

कोल्हापूर, मंगळवार. पौष, सन १९१२.

विलायती पोलादाचे तयार हत्यार आज कारखान्यात लेथला लावले. उसाच्या चरकाचा आस कातताना टोक लालबुंद झाले, तरी धार गेली नाही. मीच हट्टाने मागवलेले. मग आनंद का झाला नाही?

आमची जुनी हत्यारे तापली की बोथट होतात. मग इस्माइलचाचा ती भट्टीत लाल करून दगडी डोणीत बुडवतात, पुन्हा कडक करतात. आज डोणीकडे कोणी फिरकले नाही. दत्तोबा लेथवरून ओरडला, "चाचा, आज तुमास्नी सुट्टी हाय की!" सगळे हसले. चाचाही.

दुपारी ते माझ्याकडे आले. "रावसाहेब, ह्याला पाणी कवा द्यायचं?"

"लागत नाही, चाचा. नुसत्या वाऱ्यावर निवते."

"अजिबात न्हाय? मग माझं काय काम हितं?"

"पाहू," म्हणालो. काय पाहणार आहे मी? भट्टीवरचा माणूस आता कशाला, असे मालकांनी सकाळीच विचारले होते. तेव्हाही मी "पाहू"च म्हणालो होतो.

दिवसभराचे पाणी उपसून संध्याकाळी नवे भरायचे, हा चाचांचा नेम. आज एकही हत्यार बुडाले नव्हते, डोणीचा तळ दिसत होता. तरी त्यांनी ते स्वच्छ पाणी ओतून दिले आणि विहिरीवरून कळशी कळशी आणून डोण पुन्हा भरली. "राहू द्या" म्हणणे म्हणजे उद्या येऊ नका म्हणणे. मी दारात नुसता उभा.

जाताना म्हणाले, "उद्याचं पाणी तयार हाय, रावसाहेब."

मी "बरे" म्हणालो.