तारेनं आवळलेली कुंडी

आई, पिंपळानं पुन्हा कुंडी फोडली आणि मी ती पुन्हा सांधली. काल आपल्या पेडगावच्या विहाराची माणसं येऊन गेली. तुमच्या आईची शेवटची इच्छा होती, हे झाड विहारापुढं जमिनीत लागावं, आम्ही खड्डासुद्धा खणून ठेवलाय, असं म्हणाली. मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले. तू असतीस तर डोळे वटारले असतेस. वटार खुशाल. हटून बसायला मी कुणाकडून शिकले, ते तुला चांगलं ठाऊक आहे.

परभणीतली ती भाड्याची खोली. मोरीपाशी तू बसलेली आहेस. पिंपळ ओल्या पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवलाय. रिकामी कुंडी रात्रभर पाण्यात भिजलीय, कारण कोरडी माती सिमेंटातलं पाणी पिऊन टाकते आणि मग सांधा धरत नाही. तू अंगठ्यानं तड्यात सिमेंट दाबतेस, गळ्याशी तार फिरवतेस, पक्कडीनं पिळतेस. कुंडी मी गुडघ्यांत धरलीय. "नीट धर," म्हणतेस, "तार ढिली राह्यली की मुळं कुंडी फोडून भाईर येतेत." सगळं झालं की तडा भिंतीकडं वळवून ठेवतेस. लोकाला कशाला दिसू द्यायचं, हे तुझं ठरलेलं. त्याचाच मला लय राग यायचा. तू पाठ फिरवली की मी तडा रस्त्याकडं करायची, आणि त्यापायी एकदा धपाटाही खाल्ला.

मग एके दिवशी घरमालकीण आली. पिंपळ दारात नको, घर बसतं, फेकून द्या म्हणाली. आपल्यासाठी तो बोधीचा पिंपळ, तिच्यासाठी दारातली पीडा. कुणापुढं आवाज न चढवणारी तू, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "झाड न्हाई जायचं, बाई. आमीच जातो." आणि आपण खरंच निघालो. रिक्षात कुंडी माझ्या मांडीवर होती. नव्या खोलीत तू चूल मांडायच्या आधी तार चाचपून पाहिलीस. त्या दिवशी मी ठरवलं, हे झाड माझ्याकडून कुणी नेणार नाही.

आणि तूच शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणालीस, "लय दिस आवळून ठिवलं त्याला. आता मोकळं कर."

न्हाई करत. जमिनीत लावलं की ते साऱ्या गावाचं होणार. सावलीला माणसं बसतील, शेरडं पाला ओढतील, आणि माझ्याकडं तुझं काय उरेल? तू शेवटचं सांधलंस त्या सिमेंटात तुझ्या अंगठ्याचा खळगा आहे. दर वेळी मी तेवढी जागा सोडून लिंपते. आता घर माझं आहे, मालकीण मीच. तडा रस्त्याकडं करून ठेवलाय, बघू देत लोकांना. शेजारीण म्हणते, मॅडम, एक नवी कुंडी घ्या की. मी हसते आणि त्याच कुंडीला पाणी घालते.

तुला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं हे कुठं धाडायचं नाही, इथंच राहील. विहाराच्या माणसांना मी नाही म्हटलंय आणि ते नाहीच आहे. पण तुला म्हणून सांगते, आज सकाळी तारेला शेवटचा पीळ मी दिला नाही.