शेजार नसलेला कोपरा

चाचा,

त्या दिवशी सकाळी मारुतीला पाणी घातलं, मग दुसरी कळशी भरून स्कूटीवर पायांमध्ये ठेवली आणि लातूरच्या बाहेर आमचं प्लॉटिंग आहे तिकडे निघालो. तिथं फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखल्यात, हद्दीचे दगड पुरलेत, पण घर अजून एकही नाही. पाणी सोबतच न्यावं लागतं. कळशी सांडू नये म्हणून हळू चालवत होतो आणि तुमचा विचार येत होता. तुमच्या हाताखाली उदगीरला इतकी वर्षं जमिनीची दलाली केली, पण गिऱ्हाइकासाठी पाणी न्यायची वेळ कधी आली नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला सरळ शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवायचा, याला पाणी पाजा म्हणायचा आणि निघून जायचा.

स्टेशनच्या मागचा तो प्लॉट आठवतो. गिऱ्हाईक इसार द्यायला खिशात हात घालतंय आणि तुम्ही त्याला शेजारच्या म्हातारीकडे बसवून गल्लीच्या टोकाला जाऊन उभे आहात. म्हातारीनं तांब्या देता देता सांगून टाकलं, "पावसाळ्यात नालीचं पाणी चुलीपर्यंत येतंय, बाबा." सौदा तिथंच मोडला. माझं नुकतंच लग्न झालेलं, त्या दलालीवर डोळा होता. मी चिडून विचारलं, ऐन वेळेला तुम्ही उठून जाताच कशाला? तुम्ही म्हणालात, "मला पान खायचं असतं." घरी जेवताना एकदम ध्यानात आलं की तुम्ही पान खातच नाही. तेव्हापासून मनात एक प्रश्न आहे. शेजाऱ्यानं मोकळं बोलावं म्हणून तुम्ही दूर जायचा, की वाईट गोष्ट आपल्या तोंडानं सांगावी लागू नये म्हणून? तुम्ही होता तोवर विचारायचं राहिलं.

या प्लॉटिंगमध्ये माझा साडू भागीदार आहे. रस्त्याला लागून पूर्वेचा कोपरा आहे, सगळ्यात आधी गिऱ्हाइकाची नजर तिथंच जाते. त्याच कोपऱ्यात विहीर होती. मूळ मालकानं ती मुरूम टाकून बुजवली आणि आम्हाला विकताना तसं सांगितलंही. अशी जागा किती वर्षांनी खचेल, खचेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. साडूचं म्हणणं, कुणी विचारलं तर सांगू, आपण होऊन कशाला सांगायचं? मी मान हलवेना, तेव्हा तो चिडला. "तुम्ही प्लॉट विकून राहिले का कीर्तन करून राहिले?" चहावाल्यासमोर म्हणाला. मी हसलो, पण त्याचंही खरं होतं. त्याचा अर्धा जीव या शेतात अडकलाय.

तर त्या सकाळी सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई आईला घेऊन आली. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कंटाळली होती. रेघांमधून चालत सरळ कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. "दादा, हाच द्या. इथं तुळस येईल, इथं आईची खाट." आई हसून म्हणाली, "चाचाचा माणूस हाय म्हणून आलो बघा. आमचं उदगीरचं घर त्यांनीच घेऊन दिलं व्हतं." मी तांब्या भरून दिला आणि सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. बसवायचं कुणाच्या ओट्यावर? शेजार अजून यायचाच होता.

मग मीच सांगितलं. विहीर कुठवर होती तेही चालून दाखवलं. सांगून झाल्यावर मायलेकींना बोलता यावं म्हणून रस्त्यापर्यंत गेलो आणि पाठ करून उभा राहिलो. चाचा, पाठ केली तरी कान मागंच राहतात हो. तुमचेही राहत असतील. बाई म्हणतील, असू द्या, तरी घेतो, असं मनातून फार वाटत होतं.

तसं झालं नाही. त्यांनी आतल्या ओळीतला प्लॉट पुन्हा येऊन बघते म्हणून सांगितलं. जाताना नर्सबाईनं एवढंच विचारलं, "दादा, आमच्या मागून जो येईल, त्यालाबी सांगणार का?" मी तांब्या कळशीवर पालथा घातला आणि मनात आलं: आज सांगितलं, कारण आईनं तुमचं नाव काढलं होतं. उद्याचा माणूस तुम्हाला ओळखत नसेल.

पंधरा दिवस मी आणि साडू एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी तो कोपरा मी विकायला माझ्या वाट्याला लावून घेतला आणि त्याला रस्त्यावरचा दुसरा दिला. नकाशावर तशी दुरुस्ती केली. आज सकाळी मारुतीहून परस्पर तिथं गेलो आणि विहीर होती तेवढं गोल कडं काळ्या दगडांनी रचून काढलं. सगळ्या चौकोनी रेघांमध्ये ते एकच गोल आहे. लांबूनही दिसतं. येणारा प्रत्येक माणूस विचारेलच, हे काय?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. तरी एक तुम्हालाच सांगतो. कडं रचून झाल्यावर मला हलकं वाटलं, ते खरं सांगितल्याचं नव्हतं. आता पुन्हा कुणाला आपण होऊन तोंडानं सांगायला लागणार नाही, याचं होतं. मीही पान खात नाही, चाचा.