नानांच्या लॅपटॉपची पाहणी

३ नोव्हेंबर, सोमवार

नाना पिशोरच्या एसटीनं आले. हातात एकच पिशवी, कपड्यांची. बायोडाट्यांची पिशवी नाही. वडील तिच्याशिवाय माझ्या दारात उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. अर्ध्या कन्नड तालुक्याच्या सोयरिकी त्या पिशवीतून जमल्या. माझीही.

"पिशवी कुठंय?"

"माळ्यावर टाकली. झालं आता."

कारण मला माहीत होतं. दिवाळीआधी सोयगावच्या सांडूकाकांच्या मुलीची सुपारी फुटणार होती. सांडूकाका नानांचे जुने दोस्त, स्थळ नानांनीच सुचवलेलं. पाटावर बसायच्या वेळेला मुलाच्या चुलत्यानं सहज देवक विचारलं — तर दोन्हीकडं पंचपल्लव. आडनावं वेगळी, पण देवक एक, म्हणजे बहीण-भाऊ. पोह्यांच्या बश्या भरल्या तशा आत गेल्या.

मुलाचा बायोडाटा फोनवर फोटोत आला होता, मुंगीएवढ्या अक्षरात. नानांना दिसला नाही. दिसत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. अंदाजानं "देवक वेगळं हाय" म्हणून मोकळे झाले.

"तुळशीची लग्नं लागली, सुरेखा. दरसाली ह्या दिवसांत फोन खाली ठेवता येत नाय. औंदा एकबी नाय. आपल्या लेकराचं नाव कोण देईल आता माझ्या हातात?"

मी चहा टाकला.

४ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी टिकेल. "मोठ्या अक्षरात वाचत जा, बाबा," एवढंच म्हणाले.

घरी येऊन खडूनं फरशीवर अक्षरं काढली. तांदळाएवढं दिसत नाही. तुरीएवढं — "काय तरी हाय." शेंगदाण्याएवढं धडधडीत वाचलं! म्हणजे माप मिळालं.

५ नोव्हेंबर

पुण्याला इंद्रजीतशी बोलले. लेक म्हणाला, "आई, आजोबांना लॅपटॉप घेऊ. फोनवरचे बायोडाटे त्यावर हवे तेवढे मोठे करता येतात. स्क्रीन मोठी, आठ जीबी, एसएसडी. दुकानदार बाकी काहीही सांगू दे, घेऊ नकोस." मी लिहून घेतलं. ते म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली, म्हणून स्वतःच शोधून वाचलं. सातवीनंतर जे काही शिकले ते असंच शिकले. जीबी म्हणजे ओटा — मोठा असला की चार भांडी एकदम मांडता येतात. एसएसडी म्हणजे कपाट, चटकन उघडणारं. एवढंच तर होतं.

नाना नाही म्हणतात. "कापूस वेचलेली बोटं ही. तुझे पैसे बुडतील."

८ नोव्हेंबर, शनिवार

आज लई हसले. किती दिवसांनी!

नानांना फक्त बघायला म्हणून कॅनॉटच्या बाजारात नेलं. नुसतं बघायचं म्हटलं की ते कुठंही येतात, जन्मभर तेच केलंय.

पहिल्या दुकानातल्या पोरानं लाल-निळे दिवे लागणारा लॅपटॉप पुढं केला. "अंकल, गेम एकदम मक्खन चलेगा."

नानांनी दिवे बघितले. "हा हळदीला भाड्यानं द्यायचा का?"

दुसऱ्या दुकानात ज्ञानेश्वरी नावाची मुलगी होती. तिनं आधी नानांना खुर्ची दिली. मग विचारलं, "बाबा, काय करणार ह्याच्यावर?"

"लग्नं."

"कुणाची?"

"लोकांची. माझं झालंय."

मग नाना रंगात आले. एकेक लॅपटॉप समोर आला की मुलगा पाहायला आल्यासारखी चौकशी. वय काय, वजन किती, दिवसभर काम केलं तर दमतो किती वाजता. एकाच्या पाठीला हात लावून म्हणाले, "हा तापतो. तापट जावई नको." दुसरा देखणा, पण त्याची स्क्रीन आरशासारखी. "ह्यात माझंच तोंड दिसतंय. मला पोरं बघायचीत, बाई." तिसरा एवढासा, हलका. "हा पाव्हण्यासारखा येऊन जाईल, घरात राहायचा नाय."

चौथा साधा, करड्या रंगाचा, पंधरा इंची. न चमकणारी स्क्रीन. आठ जीबी, एसएसडी. मी पर्समधून शेंगदाणा काढला. ज्ञानेश्वरीला सांगितलं, अक्षर एवढं कर. तिनं केलं. शेंगदाणा स्क्रीनला लावून पाहिला. बरोबर.

नाना पुढं सरकले आणि वाचायला लागले. मोठ्यानं. न अडखळता. दुकानातली कसलीशी जाहिरात होती, पण असे वाचत होते जसं काही पोथी. मी मान वळवली, डोळे भरले होते.

माउस वायरचा घेतला. बिनवायरचा स्वस्तात देत होती. नाना म्हणाले, "वासराला दावं पाहिजे."

निघताना नानांनी तिला विचारलंच, "पोरी, तुमचं देवक कोणतं?"

"बाबा, आधी बिल करू द्या," ती म्हणाली. लाजली मात्र नाही. मला आवडली.

९ नोव्हेंबर

हे असते तर काल दुकानातच एकेक बटण दाबून पाहिलं असतं. वाळूजच्या कंपनीत तपासणीलाच होते, घरातला नवा कुकरसुद्धा उलटा करून बघायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आज नाना झोपले असताना मी सगळी बटणं दाबली. एकेक, वरच्या रांगेपासून. सगळी चालतात. तुम्हाला सांगायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर

कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. नाना एका बोटानं टाइप करतात. बोट वर नेतात, थांबतात, मग घारीसारखं खाली. "बाण पळाला" असं दिवसातून वीसदा. तो कोपऱ्यात गेलेला असतो. मी हाकलून आणते.

फोनवर आलेले जुने बायोडाटे आता मोठे होऊन समोर येतात. "ह्या पोराला चष्मा हाय व्हय!" आज कळलं त्यांना. लग्न होऊन दोन वर्षं झाली त्या पोराचं.

१८ नोव्हेंबर

पिशवी मागवली. शेजाऱ्यांनी माळ्यावरून काढून एसटीच्या कंडक्टरकडे दिली, मी स्टँडवरून आणली. नानांनी तिच्यावरची धूळ स्वतःच्या टोपीनं पुसली.

आता एकेक घर घेऊन आडनाव, कुळी, देवक, मामाचं गाव, असं टाइप करणं चाललंय. दिवसाला सहा घरं. देवक सगळ्यात मोठ्या अक्षरात.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौतीस घरं झाली. फोन एकाचाही नाही. नाना फोन उशाशी घेऊन दुपारी आडवे होतात.

२४ नोव्हेंबर

सकाळी अंघोळ करून, टोपी घालून नानांनी सांडूकाकांना फोन लावला. स्पीकरवर — बटण चुकून दाबलं गेलं असणार. मी भाकरी थापता थापता थांबले.

"सांडू, मला दिसत नव्हतं. अंदाजानं बोललो. तुझ्या पोरीला चार माणसात खाली बघायला लावलं."

पलीकडं सांडूकाका खाकरले. मग, "दिसत नव्हतं तर बोलायला काय जीभ गळत होती का रे कारभारी?"

"व्हय. गळत होती."

"आता दिसतं का?"

"शेंगदाण्याएवढं दिसतं."

काका हसले. रडल्यासारखे हसले. तब्येत विचारली, कापसाचं विचारलं. पोरीचा बायोडाटा पुन्हा पाठवतो, असं मात्र म्हणाले नाहीत. नानांनीही विचारलं नाही.

फोन ठेवून म्हणाले, "भाकर करपली बघ तुझी."

दोन भाकरी जास्त खाल्ल्या आज त्यांनी. कितीतरी दिवसांनी.

२७ नोव्हेंबर

काही नाही. मेथी आणली. नानांना आता बाण पकडता येतो.

रात्रभर एकच विचार. नानांच्या कीवेनं मनात आणतेय का मी हे? नाही. नीट तपासून पाहिलं.

३० नोव्हेंबर

"नाना, नवीन पान उघडा. एक बायोडाटा आलाय."

लगबगीनं खुर्ची ओढली. "कुणाचा?"

"माझा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बोट वर गेलं, तिथंच राहिलं. मग नाव टाइप केलं, आणि आडनावापाशी थांबले.

"सासरचं लावू का माहेरचं?"

"सासरचं. ते तसंच राहील म्हणावं."

"वय?"

"एकोणपन्नास. बरोबर तेवढंच लिहा."

लिहिलं. दोनदा वाचून पाहिलं.

"मी घाई करणार नाय, सुरेखा. सगळं नीट बघीन."

"बघा," मी म्हणाले.